उसाचं पाचट, कॉर्नियाचा अल्सर आणि नॅनोसिल्व्हरची बाटली

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, शेतकरी. ऊसतोड चालू असताना डाव्या डोळ्याला पाचट लागलं. दोन दिवस गावच्या मेडिकलमधून आणलेले थेंब घातले. मग डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागला. शहरातल्या डॉक्टरांनी कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, ही जखम (अल्सर) खरवडून तपासायला पाठवली. रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आला. मोक्सिफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला रेझिस्टंट म्हणजे दाद न देणारा, टोब्रामायसिन आणि सेफ्टाझिडिम या दोन अँटिबायोटिक्सना सेन्सिटिव्ह म्हणजे दाद देणारा. आता या दोन औषधांचे खास तयार केलेले थेंब रात्रंदिवस दर तासाला चालू आहेत. प्रश्न विचारणारी मुलगी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी आहे. चांदीचे नॅनोकण आणि अँटिबायोटिक एकत्र दिले की रेझिस्टंट जंतूही मरतात, असं सांगणारे बरेच शोधनिबंध तिने वाचलेत आणि ऑनलाइन एक ‘नॅनो सिल्व्हर’ची बाटलीही शोधून ठेवली आहे. ती जोडीला घातली तर फायदा होईल ना, आणि इतके निबंध असताना डॉक्टर हे वापरत का नाहीत, असं ती विचारते.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत देतो: ती बाटली डोळ्यात घालू नका, एक थेंबही नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि तुम्ही विषय शिकलेल्या आहात म्हणून ते नीट सांगतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पण त्या निबंधांनी जी अडचण सोडवली आहे, ती तुमच्या वडिलांच्या डोळ्यातली खरी अडचण नव्हे.

डोळ्यात टाकलेल्या थेंबाचं काय होतं ते आधी बघा. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर, आणि खालच्या पापणीमागची जागा ताणून ताणून ३० मायक्रोलिटरच्या आसपास धरते. म्हणजे थेंबाचा बराचसा भाग पडताक्षणी गालावर. उरलेला पापण्यांच्या उघडझापीबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात आणि तिथून घशात उतरतो. थेंब टाकल्यावर घसा कडू होतो तो यामुळे. निरोगी डोळ्यातले अश्रू मिनिटाला सुमारे एक मायक्रोलिटर या वेगाने बदलत असतात. अल्सरच्या डोळ्याला तर धारच लागलेली असते, तिथे सगळं याहून लवकर धुतलं जातं. घातलेल्या औषधापैकी डोळ्याच्या आत पोचतं ते पाच टक्क्यांहून कमी. तासातासाला थेंब घालायला सांगतात ते या गळतीपायी. डॉक्टरांना तुमची झोपमोड करायची हौस नसते.

आता औषधाच्या ताकदीचा हिशोब करू. दुकानात मिळणारा टोब्रामायसिनचा थेंब ०.३ टक्क्यांचा असतो. तुमच्या वडिलांना दिलेला फोर्टिफाइड थेंब इंजेक्शनचं औषध मिसळून सुमारे १.४ टक्क्यांपर्यंत नेलेला असतो, म्हणजे मिलिलिटरमागे १४ मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅममध्ये सांगायचं तर १४,०००. आणि सेन्सिटिव्ह स्यूडोमोनासची वाढ थांबवायला टोब्रामायसिन किती लागतं? एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी मात्रेचा, आकडा तुम्ही रोज बघत असाल: मिलिलिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅम. जखमेच्या पृष्ठभागावर आपण गरजेच्या हजारो पट औषध ओततोय.

आता तुमचे निबंध घ्या. त्यांतले बहुतेक चेकरबोर्डवर उभे आहेत. ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये आडव्या दिशेने अँटिबायोटिक पातळ करत न्यायचं, उभ्या दिशेने चांदीचे कण, प्रत्येक खळ्यात ठरावीक जंतू, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी कुठलं खळं गढूळ झालं नाही ते पाहायचं. एकट्याने जेवढं लागलं असतं त्याच्या पाव भागात अँटिबायोटिकचं भागलं आणि चांदीचंही पाव भागात भागलं, तर बेरीज ०.५ येते आणि निबंधात ‘सिनर्जी’ (एकमेकांची ताकद वाढवणं) असं लिहिता येतं. हे मोजमाप शुद्ध आहे. त्याचा अर्थ मात्र एवढाच की औषध चौपट कमी लागलं. जिथे आधीच हजारो पट जास्त औषध पडतंय, तिथे गरज चौपटीने कमी झाल्याने काय मोठा फरक पडणार? आपली अडचण औषध कमजोर असण्याची नाही. ते टिकत नाही आणि खोलवर पोचत नाही, ही आहे.

याच हिशोबातून निघणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. रिपोर्टमधले सेन्सिटिव्ह आणि रेझिस्टंट हे शेरे रक्तात औषधाची किती पातळी गाठता येते त्यावर ठरवलेले असतात. डोळ्यावर थेंबातून मिळणारी पातळी त्याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे कागदावर रेझिस्टंट दिसणारा जंतू कधी कधी त्याच थेंबाने आटोक्यातही येतो. आम्ही रिपोर्ट वाचतो तसा डोळाही वाचतो. दोघांचं पटलं नाही तर डोळ्याचं ऐकतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत औषध बदललं ते योग्यच झालं, स्यूडोमोनासपुढे वाट बघत बसता येत नाही.

‘नॅनो’ या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदतात, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एका प्रकारात कण स्वतः काही मारत नाही, तो औषधाचा वाहक असतो: चरबीचा बारीक बुडबुडा, कायटोसानचा गोळा किंवा पीएलजीए नावाच्या पॉलिमरचा. दुसऱ्या प्रकारात कण स्वतःच हत्यार असतो: चांदी, झिंक ऑक्साइड, तांब्याची संयुगं. शोधनिबंधांच्या मथळ्यांत दोन्ही सारखेच दिसतात. दवाखान्यात त्यांचं भविष्य अगदी वेगळं आहे.

वाहक प्रकार महाराष्ट्राला परका नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा गावोगावचे नातेवाईक ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन’ अशी चिठ्ठी घेऊन रात्ररात्र फिरत होते, आठवत असेल. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध १९५० च्या दशकातलं. ते मूत्रपिंडाला फार त्रास देतं. तेच औषध नॅनो मापाच्या चरबीच्या बुडबुड्यात बसवलं की त्रास पुष्कळ कमी होतो आणि जास्त मात्रा देता येते. औषधात नवं काही नव्हतं, नवी होती ती गाडी. मुंबईच्या केईएममध्ये आणि दिल्ली विद्यापीठात या गाडीचा भारतीय अवतार म्युकरच्या लाटेच्या कितीतरी आधी तयार झाला होता. लोकांनी नॅनो औषध घेतलं आणि तो शब्द त्यांच्या कानावरही पडला नाही.

डोळ्याच्या बाबतीत वाहकाचं काम अजून सोपं, निदान कल्पनेत तरी. अश्रूंमधल्या म्युसिन या चिकट पदार्थावर ऋण भार असतो. कायटोसानवर धन भार असतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून ते काढतात. दोघं चिकटतात. थेंब वाहून गेला तरी कण मागे राहतो आणि आतलं औषध सावकाश सोडतो. दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये २०१० च्या सुमारास स्पारफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक पीएलजीएच्या नॅनोकणांत भरून सशांच्या डोळ्यांत घातलं गेलं. किरणोत्सारी खूण लावून गॅमा कॅमेऱ्याखाली पाहिलं तेव्हा साधा थेंब पटकन निघून गेलेला दिसला आणि कणांतलं औषध डोळ्यावर रेंगाळलेलं दिसलं. पीएलजीएबद्दल आम्हाला विश्वास आहे त्याचं कारण वेगळंच आहे. ते शरीरात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लात मोडतं. विरघळणारे टाके त्याच कुळातले. डोळ्याच्या आत सोडायची डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी याच पॉलिमरची आहे आणि ती २००९ पासून वापरात आहे. कांडी नॅनो नव्हे, पण पदार्थ डोळ्याने ओळखीचा करून घेतलेला आहे.

चांदीचं काय मग? चांदी डोळ्याला तुमच्या-माझ्या पणजोबांच्या काळापासून माहीत आहे. जर्मनीत लाइपझिगला कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी १८८० पासून नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब टाकायला सुरुवात केली. आईकडून बाळाला होणाऱ्या गोनोकॉकसच्या संसर्गाने तेव्हा कित्येक मुलं आंधळी होत. त्यांच्या रुग्णालयात या संसर्गाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते एका टक्क्याच्या खाली आलं. नेत्रवैद्यकाच्या इतिहासात एवढ्या स्वस्तात एवढा फायदा क्वचितच झाला असेल. किंमतही होती: बऱ्याच बाळांचे डोळे त्या थेंबानेच लाल होऊन सुजत. ती जळजळ कमी करायला पुढे प्रथिनांत बांधलेली चांदी आली. अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स यांनी १९०२ मध्ये ‘अर्जिरॉल’ बाजारात आणलं, त्यावर अमाप पैसा केला आणि त्या पैशातून फिलाडेल्फियाजवळ जगातला एक मोठा खासगी चित्रसंग्रह उभा केला. वर्षानुवर्षं चांदीचे थेंब घालणाऱ्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग मात्र राखाडी पडे. चांदी ऊतींत जाऊन बसते आणि जागा सोडत नाही. पुढे चांगली अँटिबायोटिक्स आली आणि चांदी मागे पडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या कोलॉइडल चांदीला सुरक्षित आणि गुणकारी मानायला सरळ नकार दिला. तुमच्या त्या बाटलीची वंशावळ ही आहे.

नॅनो रूपात चांदी पुन्हा आली ती जास्त हुशार होऊन, हे मान्य. कणाच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटत राहतात. ते जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटतात, पटलाला भोकं पाडतात, आत ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार करतात. पटल फाटलं की एरवी बाहेर अडणारं अँटिबायोटिक आत शिरतं. स्यूडोमोनास तर आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकण्यात पटाईत. त्याच्याविरुद्ध दोन बाजूंनी चढाई करायची कल्पना चुकीची मुळीच नाही. माझ्या आवडीचं उदाहरण मात्र सोन्याचं आहे. २००३ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी सोन्याच्या नॅनोकणाभोवती व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचे रेणू लावले. व्हँकोमायसिन ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेरून जादा पटल असलेल्या, ई. कोलायसारख्या) जंतूंवर चालत नाही, त्यांचं बाहेरचं पटल ओलांडण्याइतकं ते लहान नाही. पण कणावर सगळीकडून बसवल्यावर ते गोखरूसारखं जंतूच्या अंगाला चिकटलं आणि व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्या एंटेरोकॉकसवरच नव्हे, तर ई. कोलायवरही चाललं. असं काही वाचलं की मलाही वाटतं, हे आपल्या वॉर्डात हवं.

वॉर्डात येईपर्यंत मधे अश्रू आहेत, आणि चेकरबोर्डच्या खळ्यात अश्रू नसतात. अश्रूंमध्ये भरपूर मीठ आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर क्लोराइडचा पांढरा साका कसा बसायचा ते आठवा. डोळ्यात चांदीचे आयन सोडले की बरेचसे तिथेच क्लोराइडला जाऊन मिळतात. शिवाय लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही अश्रूंतली प्रथिनं कणावर थर चढवतात. तुम्ही २० नॅनोमीटरचा कण म्हणून सोडता, आणि जंतूपाशी पोचतो तो प्रथिनांत गुंडाळलेला, एकमेकांना चिकटलेला पुंजका. तो प्रयोगशाळेतल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, वागतो तसाच वागेल असं गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण फार रटाळ आहे, म्हणून तिच्याबद्दल निबंधांत फारसं लिहीत नाहीत. डोळ्याचा थेंब निर्जंतुक असावाच लागतो. साधे थेंब ०.२२ मायक्रॉनच्या म्हणजे २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून गाळतात. कण सुटे राहिले तर गाळणीतून जातील; पुंजके झाले तर गाळणीवरच अडकतील आणि खाली बाटलीत नुसतं पाणी जाईल. वाफेने तापवून निर्जंतुक करायचं तर कायटोसानचे आणि पीएलजीएचे कण बिघडतात. गॅमा किरणांनी करायचं तर पॉलिमर तुटतो. आणि मग ती बाटली दोन वर्षं सोलापूर-नांदेडच्या उन्हाळ्यात औषधाच्या दुकानात तशीच टिकली पाहिजे. प्रयोगशाळेत एका आठवड्यापुरतं उत्तम चाललेलं मिश्रण इथे येऊन अडकतं.

निर्जंतुकीकरण सोडून दिलं तर काय होतं, याचा ताजा पुरावा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून याच स्यूडोमोनास एरुजिनोसाचा, पण जवळजवळ कुठल्याच औषधाला न जुमानणारा प्रकार पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघं दगावले. थेंब भारतात बनलेले होते. ते रीतसर कारखान्यात तयार होऊन बाजारात गेले होते. तुम्ही शोधलेली बाटली कुठे भरली गेली ते तुम्हाला ठाऊक आहे का?

वडिलांच्या डोळ्यात आत्ता जे चाललंय त्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढच्या दोन आठवड्यांत तिच्यामुळेच तुमचा जीव घाबरणार आहे. जंतू मेले म्हणजे डोळा बरा झाला असं इथे होत नाही. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. स्यूडोमोनास स्वतःची विकरं (एन्झाइम) सोडून त्याचं कोलॅजन, म्हणजे तो ज्या प्रथिनाच्या धाग्यांचा बनलेला असतो ते, विरघळवतो. त्याला मारायला धावलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशीही विकरं सोडतात आणि तेच कोलॅजन आणखी वितळवतात. जंतू संपल्यावरही हे काही काळ चालू राहतं, आणि शेवटी जे भरून येतं ते पारदर्शक नसतं. गावाकडे ‘फूल पडलं’ म्हणतात तो हा व्रण. म्हणून ‘जंतू किती लवकर मेले’ हा निबंधातला आकडा आणि ‘वर्षभराने किती दिसतं’ हा रुग्णाचा आकडा यांची सांगड आपोआप बसत नाही.

याचा धडा देणारी मोठी चाचणी आपल्याच देशात झाली. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत आणि अमेरिकेत मिळून जिवाणूंच्या अल्सरचे ५०० रुग्ण घेतले. त्यांतले जवळजवळ सगळे अरविंदचे. सगळ्यांना मोक्सिफ्लॉक्सॅसिन. निम्म्यांना नंतर जोडीला स्टेरॉइडचे थेंब, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. दाह कमी झाला की व्रण कमी राहील, नजर सुधारेल, असा तर्क होता आणि तो अनेक वर्षं अनेकांना पटलेला होता. २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या नजरेत दोन्ही गटांत एकंदर फरक नव्हता. इतका सरळ, पटणारा तर्क ५०० माणसांपुढे टिकला नाही. मग सशाच्या डोळ्यात दोन-चार दिवस पाहिलेल्या परिणामावर मी माणसाला चांदी कशी देऊ? सशांच्या प्रयोगात जंतू टोचल्यावर काही तासांत उपचार सुरू होतात. आमचा शेतकरी चौथ्या दिवशी येतो, मेडिकलमधले थेंब घालून.

त्या मेडिकलमधल्या थेंबांची रिकामी बाटली घरात असेल तर ती उद्या डॉक्टरांना दाखवा. नावाच्या शेवटी ‘डी’ किंवा ‘डेक्स’ असं काही असेल तर त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. लाल डोळ्यावर सर्रास हाती ठेवले जाणारे हे जोडथेंब शेतातल्या इजेनंतर घातक ठरतात. आपल्याकडे पालापाचोळा लागून झालेल्या अल्सरमध्ये बुरशीचा वाटा मोठा आहे, आणि बुरशीला स्टेरॉइड मिळालं की ती फोफावते. जंतूचा रिपोर्ट आला असला तरी बुरशीचं कल्चर आठवडाभर ठेवतात. त्याचा शेवटचा निकाल विचारून घ्या. दोन्ही एकत्र असू शकतात. नॅनोच्या सगळ्या चर्चेपेक्षा ही एक चौकशी वडिलांच्या डोळ्याला जास्त उपयोगी पडेल.

चांदीला जंतू सवयीचे होणार नाहीत, असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तेही खरं नाही. चांदीला दाद न देणारी जनुकं जंतूंमध्ये माहीत आहेत आणि ती प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तर असं दाखवलं की चांदीच्या नॅनोकणांच्या सतत संपर्कात ठेवलेले ई. कोलाय आणि स्यूडोमोनास फ्लॅजेलिन हे शेपटीचं प्रथिन बाहेर सोडतात आणि त्याने कणांचे पुंजके करून टाकतात. जनुकात बदलसुद्धा लागला नाही. आपला स्यूडोमोनास इतका उद्योगी आहे.

डोळ्याच्या आतल्या संसर्गाबद्दल, म्हणजे मोतीबिंदूनंतर वगैरे होणाऱ्या एंडोफ्थॅल्मायटिसबद्दल, एवढंच सांगतो: तिथे औषध सुईने थेट डोळ्याच्या आतल्या पारदर्शक जेलीत (व्हिट्रियसमध्ये) देतात आणि मागे नेत्रपटल (रेटिना) असतं, जे बदलून मिळत नाही. जेंटामायसिन या अँटिबायोटिकची मात्रा चुकल्याने नेत्रपटलाचा मध्य कायमचा निकामी झाल्याची उदाहरणं आमच्या शास्त्रात पुरेशी आहेत. न विरघळणारा धातू तिथे सोडायचा विचारही मी करणार नाही. विरघळणाऱ्या वाहकाचा करेन.

मग डॉक्टर नॅनो अजिबात वापरत नाहीत का? वापरतात. कोरड्या डोळ्यांसाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब आहेत. हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते नॅनोमायसेल म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये बसवून मुंबईच्या सन फार्माने अमेरिकेत मंजुरी मिळवली, २०१८ मध्ये. युरोपात त्याआधी २०१५ मध्ये त्याच औषधाच्या धन भाराच्या नॅनो-इमल्शनला (पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांना) मंजुरी मिळाली होती. म्हणजे तंत्र जमतं, कारखान्यात बनतं, टिकतं, नियामकाला पटतंही. जिवाणूंच्या अल्सरसाठी मात्र प्रमाणित उपचारांत अजून असा थेंब नाही. माझं मत विचाराल तर त्याला विज्ञान अर्धंच जबाबदार आहे. कोरडा डोळा असलेला रुग्ण वर्षानुवर्षं औषध घेतो आणि बहुतेक वेळा त्याला ते परवडतं. अल्सरचा रुग्ण महिनाभर औषध घेतो, शेतमजूर असतो, आणि त्याचं औषध आम्ही इंजेक्शनच्या बाटलीतून शंभर-दोनशे रुपयांत तयार करून देतो. त्याच्यासाठी कुठली कंपनी इतका खर्च करणार? हे काम झालंच तर सरकारी पैशावर आणि मोठ्या नेत्रसंस्थांत होईल. आपल्याकडे नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये काढली आहेत, वाट निदान आखलेली आहे.

मला आशा आहे ती साध्या गोष्टीची. रात्री दोनला, तीनला, चारला उठून थेंब घालणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. एकटी राहणारी सत्तर वर्षांची बाई दर तासाला दोन औषधं, मधे पाच मिनिटं थांबून, स्वतःच्या डोळ्यात कशी घालणार? अशा रुग्णांना आम्ही निव्वळ थेंबांसाठी दाखल करून घेतो. जुनंच टोब्रामायसिन किंवा सेफ्टाझिडिम चिकट वाहकात बसवून दिवसातून चारदा घालून भागणार असेल, तर मला त्यात चांदीही नको आणि सिनर्जीही नको. एक गोम आहे: अल्सरच्या जागी कॉर्नियाचं वरचं स्निग्ध आवरण गेलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला साधं औषधही बऱ्यापैकी आत जातं, जखम भरत आली की दार बंद होतं. म्हणून वाहक चांगला की वाईट हे अखंड कॉर्नियावर तपासून कळणार नाही, जखमी कॉर्नियावरच तपासलं पाहिजे. पुढचे निबंध वाचताना हे आधी बघा, बरेचसे तिथेच बाद होतील. कॉन्टॅक्ट लेन्सच्या डब्या चांदी मिसळून केलेल्या परदेशात विकल्या गेल्या आहेत. चांदीची जागा मला तिथे, डोळ्याबाहेरच्या वस्तूंवर, जास्त पटते. लेन्सवाल्यांच्या अल्सरमागे अनेकदा स्यूडोमोनासच असतो आणि तो डबीच्या तळाशी बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) करून बसलेला असू शकतो.

आता घरी करायचं ते. फोर्टिफाइड थेंब फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवा (दारात नको, आत) आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या तारखेनंतर टाकून द्या, थोडे उरले म्हणून वापरू नका. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर सोडा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. एका वेळी एकच थेंब पुरे. तीन टाकले तर दोन गालावर जातात. थेंब टाकल्यावर डोळा हलका मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट एक-दोन मिनिटं दाबून धरा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका, उजेड सोसत नसेल तर काळा चष्मा द्या. इतके थेंब घातल्यावर डोळा चुरचुरतो, त्याने घाबरून आपल्या मनाने थेंब कमी करू नका.

सुधारणा कशी ओळखायची? पहिल्या दोन दिवसांत नजर सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुखणं कमी होणं, चिकट घाण कमी होणं, पांढऱ्या डागाच्या पसरट कडा आवळल्यासारख्या होणं, बुबुळाच्या तळाशी साचलेला पू उतरणं, या क्रमाने ते दिसतं. उलट ठणका अचानक वाढला, किंवा दुखणं एकदम थांबून डोळ्यातून गरम पाणी आल्यासारखं झालं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. कॉर्नियाला छिद्र पडल्याची ती खूण असू शकते. तसं झालंच तर छिद्रावर वैद्यकीय गोंद किंवा पातळ पडदा लावणं, कॉर्निया बदलणं हे मार्ग असतात, आणि ते तासांत करायचे असतात. मागे राहणाऱ्या व्रणाचा विचार तीन महिन्यांनी, डोळा शांत झाल्यावर.

आणि कुठल्या संस्थेने उद्या नॅनो थेंबाच्या चाचणीत सामील व्हायला सांगितलं तर लगेच नाही म्हणू नका. सीटीआरआय म्हणजे आयसीएमआरच्या चाचणी-नोंदणीतला क्रमांक मागा, संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का विचारा, आणि वडिलांना नेहमीचं अँटिबायोटिक चालू ठेवूनच जोडीला देणार आहेत ना, याची खात्री करून घ्या. मराठीतलं संमतीपत्र मिळायलाच हवं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कोणी मागितले तर तिथून उठून या.